पळसाच्या पुतळ्याची दाढी

धाडच्या बाजारपट्टीत, बुलढाण्याच्या जीपा जिथं भरतात त्याच्या समोर माझं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीला लागून बाकडं आणि कोपऱ्यात पाण्याची टाकी. खुर्च्या दोन असल्या तरी कारागीर एकच, मी गोकुळ. दुसऱ्या खुर्चीवर बसून लोक पेपर वाचतात आणि देशाचा कारभार हाकतात.

माझी दाढी करायची पद्धत वडिलांकडून आली आहे आणि तिच्यात मी कोणासाठी बदल करत नाही. आधी कोमट पाण्याचा हात. मग ब्रशनं फेस, चांगला दोन मिनिटं, घाई नाही. उस्तऱ्यात नवं अर्धं ब्लेड, गिऱ्हाइकासमोर मोडून घातलेलं. एकदा केसांच्या वळणानं, एकदा उलट. मग तुरटी, मग आफ्टरशेव्ह, आणि ज्याची कातडी चिडकी आहे त्याला वरून कोरफडीचा थंड गर. हल्लीच्या पोरांना गालावर चरचरलं की पुरुषार्थ वाटतो. चरचरणं म्हणजे कातडीची शिवी असते, एवढं त्यांना कोण सांगणार?

पण खरी दाढी उजव्या हातात नसते. वडील म्हणायचे, उजव्या हातात उस्तरा धरायचा आन् डाव्या हातात डोळे. डाव्या हाताची बोटं कातडी ताणतात आणि ताणता ताणता वाचतात. केस कुठं आडवे, कुठं उभे, कुठं जुनी खूण, कुठं हाड वर आलेलं. बायको म्हणते, तुम्ही माणसाचं नाव विसरता, हनुवटी विसरत नाही. ते खरं आहे. डोळे बांधून खुर्चीत बसवलंत तरी मी माझी नेहमीची शंभर गिऱ्हाइकं ओळखीन. यात चमत्कार काही नाही, सवय आहे. मी चमत्कारवाला माणूस नाही. शनिवारी दाढी करू नये म्हणणाऱ्यांची मी शनिवारीच चेष्टा करतो.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं मलाच पटत नाही.

मी ज्या चेहऱ्यावर ही विद्या शिकलो तो माझ्या मोठ्या भावाचा, रामदादाचा. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी सोळाचा असताना वडिलांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि उस्तरा माझ्या हातात दिला. पहिल्याच दिवशी मी त्याची हनुवटी कापली. तिथं ज्वारीच्या दाण्याएवढी जागा कायमची बिनकेसाची राहिली. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर त्याला भोवरा होता. केस गोल फिरत उगवायचे आणि उस्तरा तिथं हमखास अडायचा. आणि तुरटी लावली की तो माझं मनगट चिमटीत धरायचा, दोन बोटांनी, अगदी हलकं. "बस बे, पेटवतं काय मले," म्हणायचा. तेरा वर्षं त्याची दाढी मी केली आणि माझी त्यानं.

बारा वर्षांपूर्वी तो बीबी गावाला एका लग्नात नवरदेवाची दाढी करायला म्हणून पेटी घेऊन निघाला. चिखलीच्या स्टँडवर त्याला गाडी बदलताना कोणीतरी पाहिलं. बीबीला तो पोचलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, शेगावपासून पार सुरतेपर्यंत मी हिंडून आलो. पेटीसुद्धा सापडली नाही.

तेव्हा त्याच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. लेकरू नव्हतं. नर्मदावहिनी आमच्याच घरी राहिली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही हे बायकांना कळायचं नाही, म्हणून कोणी बोलवायचंच नाही. बारा वर्षं ती बाई ना इकडची ना तिकडची.

यंदा दिवाळीनंतर तिनं मला दुकानाच्या मागच्या दारात गाठलं. दुसरबीडला एक टेलर आहे, बायको वारलेली. त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. आमच्यात पाट लागतो, बाईचं दुसरं लग्न होतं, त्याला कोणाची हरकत नाही. पण नवरा मेला हे आधी घरानं मानलं पाहिजे.

"भाऊजी, बारा वर्सं झाली," ती म्हणाली. "मले नाई रडायचं आता. मले नुसतं कोणीतरी सांगा, की मी कोण हाओ."

मी तिला शब्द दिला. बारा वर्षं माणूस परतला नाही की पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला आग द्यायची, तेरावं करायचं, अशी रीत आहे. माय, म्हणजे आमची जनकाबाई, महिनाभर ऐकेना. तिनं जेवण सोडलं, मग धरलं, मग एक दिवस भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "करा काय करायचं ते." पौषातला सोमवार ठरला. सोमवारी दुकान बंद असतं.

तारीख ठरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतराव आले. हे निवृत्त एसटी ड्रायव्हर, दर तिसऱ्या दिवशी दाढी, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांची दाढी म्हणजे सरळ रस्ता, कुठं वळण नाही. बोलत बोलत मी डाव्या कानाखाली आलो आणि उस्तरा अडला.

मी बोटानं पाहिलं. केस गोल फिरत होते.

"अबे गोकुळ, झोप लागली काय तुले?" हिंमतराव म्हणाले.

"नाई काका. हे इथं केस असे कवापासून?"

"कसे?"

मी वाकून पाहिलं. डोळ्याला काहीच दिसेना. पांढरे खुंट, सगळे खाली वळलेले, वीस वर्षं होते तसे. बोट ठेवलं की मात्र भोवरा. मी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. भोवरा तिथंच. मी त्याच्या वळणानं उस्तरा फिरवला, दाढी उरकली आणि काकांना जरा जास्तच आफ्टरशेव्ह चोपडलं. ते शिव्या देत गेले.

तीन दिवसांनी ते पुन्हा आले तेव्हा कानाखाली काही नव्हतं. मला हायसं वाटलं. तारीख ठरल्यापासून डोक्यात दादाच होता, त्यामुळं हाताला भास झाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. समजूत घालायला माणसाला फार काही लागत नाही.

त्याच दिवशी दुपारी शाळेतले धम्मदीप सर आले. विज्ञान शिकवतात, दाट दाढी, हनुवटीवर तर जंगल. फेस लावून मी हनुवटी चिमटीत धरली आणि माझ्या अंगठ्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढी जागा गुळगुळीत लागली.

"सर, इथं कधी लागलं होतं का?"

"नाही बा. काऊन?"

"जरा बोट लावून पाहता?"

त्यांनी फेसातून बोट फिरवलं. "केसं हायेत की," म्हणाले. मग आरशातून माझ्याकडे पाहत राहिले. "गोकुळ, तब्येत बरी हाय ना?"

बरी नव्हती. मला खुर्चीमागं उभंच राहवेना. सारखे हात धुवावेसे वाटायचे. धुतले की पुसायचे, पुसले की अंगठा तर्जनीवर घासत बसायचं, जसं काही बोटाला चिकटलं आहे. मी बुलढाण्याला कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी बोटांना टाचणी टोचून पाहिली, कापूस फिरवून पाहिला. आफ्टरशेव्हमधल्या स्पिरिटनं कारागिरांची बोटं कधी कधी बधिर होतात म्हणाले, हातमोजे वापरा. मी हातमोजे आणले. नव्या कंपनीचं लोशन आणलं. तुरटीचा खडा बदलला.

हातमोज्यातूनही लागलं. आता रोज लागू लागलं. मेडिकलवाल्याच्या गालाचं हाड चढलेलं लागलं, त्याचा गाल तर पुरीसारखा गोल आहे. बाजाराला आलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याच्या वरच्या ओठावर दादाच्या मिशीची डावीकडे पडणारी फट लागली. सगळं मिळून एकावर कधीच नाही. एकाकडे भोवरा, दुसऱ्याकडे खूण, तिसऱ्याकडे हाड. संध्याकाळी हात धुताना मी मनात ते तुकडे जुळवायचो आणि एक चेहरा पुरा व्हायला थोडंच बाकी आहे असं दिसायचं.

घरी मी काही बोललो नाही. वहिनी हल्ली अंगणवाडीतून येताना गुणगुणत यायची. त्या घरात बारा वर्षांत कोणी गुणगुणलं नव्हतं.

सोमवारला दोन दिवस उरले होते तेव्हा शिवम आला. जीप चालवतो, तेवीस वर्षांचा, दाढीला आकार देऊन घेतो. दादा गेला तेव्हा तो मराठी शाळेत दप्तर घेऊन जात होता. मी मुद्दाम डावा हात कमीत कमी लावला. काही लागलं नाही. आकार झाला, कडा झाल्या, मी ओली तुरटी त्याच्या गळ्यावर फिरवली.

त्यानं माझं मनगट धरलं. चिमटीत, दोन बोटांनी, अगदी हलकं.

माझ्या हातातून तुरटी पडली आणि खाली तिचे दोन तुकडे झाले.

"काय झालं काका?" शिवम म्हणाला. त्याचे दोन्ही हात कपड्याखाली मांडीवर होते. मी कपडा उचलून पाहिला. एका हातात मोबाइल होता, दुसऱ्यात चार्जरची वायर.

त्या दिवशी मी दुपारीच दुकान बंद केलं. घरी माय ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"लवकर आला?"

"हो. डोकं दुखून राह्यलं."

ती माझ्या हातांकडे पाहत होती. मी अंगठा तर्जनीवर घासत होतो.

"तुहा बाप म्हणे, न्हाव्याचं मन खोटं बोलीन, बोटं नाई बोलत," ती म्हणाली. "त्याची दाढी तुह्या बोटात हाय, गोकुळ. म्हणून तुले इचारतो. हाय का रे तो?"

आत वहिनी पेटीतून साड्या काढून घड्या बदलत होती. दुसरबीडला न्यायच्या वेगळ्या, टाकायच्या वेगळ्या. दाराआडून तिचं गुणगुणणं थांबलेलं मला ऐकू आलं.

"नाई माय," मी म्हणालो. "बोटं काही म्हणत नाईत."

मायनं सूप उचललं. आत पुन्हा घड्या पडू लागल्या.

आमच्या घराण्यात माणूस असो की पुतळा, शेवटची दाढी झाल्याशिवाय आग देत नाहीत. पण ती घरच्यानं करायची नाही. दुसऱ्या गावचा कारागीर बोलावतात, तोच मग घरच्यांचं डोकं भादरतो. घरच्याचा हात सुटत नाही, असं जुने लोक म्हणतात. उस्तऱ्यात ब्लेडही घालायचं नसतं. फेस लावायचा, नुसता उस्तरा फिरवायचा, झालं. बुलढाण्याचा एक जातभाई त्यासाठी सोमवारी सकाळच्या जीपनं आलाही होता. मी त्याला म्हणालो, डोकं तू कर, दाढी मी करतो. पहिली मी केली, शेवटचीही माझीच. तो नको नको म्हणत होता. मला वाटलं, दादाचं एवढं तरी माझ्या हातून व्हावं. खरं सांगायचं तर मला खात्रीही करून घ्यायची होती. पिठाचा चेहरा पिठाचा लागला की दोन आठवड्यांचं हे येडेपण संपेल, असा माझा हिशेब होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

गावाबाहेर नदीच्या काठावर आम्ही सातआठ माणसं होतो. आठ वाजले असतील. थंडी होती, पलीकडच्या हरभऱ्यावर ऊन नुकतं आलं होतं. विधी सांगायला आलेल्या महाराजांनी पळसाच्या काड्या मोजून सुतानं बांधल्या होत्या: हात, पाय, छाती. डोक्याला नारळ. नारळावर जवाचं पीठ मळून थापलं होतं आणि त्याला नाक, ओठ, हनुवटी काढली होती. ते दादासारखं मुळीच दिसत नव्हतं. कोणासारखंच दिसत नव्हतं. मला ते पाहून बरं वाटलं.

आमच्यात बायका नदीवर येत नाहीत, पण माय आणि वहिनी आल्या होत्या. दोघी थोड्या दूर, बाभळीजवळ उभ्या होत्या.

मी पेटी उघडली. गुडघ्यावर फेस पुसायला पेपरचा तुकडा ठेवला. ब्रशनं फेस केला, पिठाच्या गालांना लावला. महाराज मंत्र म्हणत होते. माझ्या हातांनी आपलं आपण ब्लेड मोडलं, उस्तऱ्यात घातलं. ते लक्षात आलं तेव्हा उस्तरा गालावर होता.

पीठ लोण्यासारखं कापलं जायला हवं होतं.

खर्र, असा आवाज झाला.

दोन दिवसांच्या दाढीचा आवाज असतो तो. मी आयुष्यात तो इतक्यांदा ऐकला आहे की दुसरा कुठला म्हणून चुकायचा नाही. मी वर पाहिलं. महाराज मंत्र म्हणत होते. जातभाई हात गरम करत होता. कोणीच ऐकलं नव्हतं.

मी डावी बोटं गालावर टेकवली. कातडी होती. ती ताणली गेली.

डाव्या कानाखाली उस्तरा अडला.

हनुवटीवर दाणा लागला. गालाचं हाड लागलं. ओठावरची फट लागली. सगळं एका जागी.

डोळ्यांना दिसत होतं ते ओलं पीठ.

मी थांबलो असतो. ओरडलो असतो, पुतळा उचलून नदीत फेकला असता, लोकांनी मला येडा ठरवलं असतं तरी चाललं असतं. पण बाभळीजवळ वहिनी उभी होती. तिनं मंगळसूत्र आपल्याच हातानं काढून मायच्या ओंजळीत ठेवलं होतं आणि मोकळ्या गळ्यावर तळहात धरून ती माझ्याकडे पाहत होती. मी आता तोंड उघडलं असतं तर तिला ते परत घालावं लागलं असतं. पुन्हा बारा वर्षं.

मी दाढी पुरी केली. उलट हात मारला नाही.

तुरटी ओली करून गालावर फिरवली.

माझं मनगट धरलं गेलं.

पळसाच्या काड्यांचे हात जागच्या जागी होते. मनगटावर काही नव्हतं. दोन बोटांचा दाब मात्र होता, आणि आजवर कधी नव्हता एवढा घट्ट.

"झालं?" महाराजांनी विचारलं.

तो दाब सुटेना. मी दुसऱ्या हातानं तुरटी काढून घेतली.

"झालं," मी म्हणालो.

आग भावानंच द्यायची असते. मी दिली. पळस वाळलेला होता, लगेच धरला. ज्वाळा डोक्यापर्यंत पोचल्या तेव्हा मनगटावरचा दाब सुटला. वहिनी रडली, मोठ्यानं, मनापासून. माय रडली नाही. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

डोकं भादरून, आंघोळ करून आम्ही घरी आलो. दुपारी मी अंगणात पेटी उघडून सामान धुवायला बसलो. पेपरचा तुकडा सवयीनं घडी करून पेटीतच टाकला होता. तो मी उलगडला. फेस वाळून त्याचा पापुद्रा झाला होता, आणि पापुद्र्यात केस होते. बारीक खुंट, चांगले तळहाताच्या खळग्यात मावतील एवढे.

दादा गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याच्या दाढीत औषधालाही पांढरा केस नव्हता.

कागदावरचे निम्मे केस पांढरे होते.

मी ते बोटानं वेगळे करून पाहिले, एकदा, दोनदा. बारा वर्षांत एखाद्या जित्या माणसाची दाढी जेवढी पिकावी तेवढी ती पिकली होती. काल कुठंतरी दादानंच तिच्यावर हात फिरवला असेल, आज करू की उद्या करू म्हणून.

"काय हाय भाऊजी?" वहिनी चहा घेऊन मागं उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते, चेहरा मात्र उतरलेला नव्हता. दुसरबीडची माणसं तेरावं झालं की येणार होती.

"काही नाई," मी कागद मिटला. "फेस हाय."

"द्या, टाकून देतो."

तिनं हात पुढं केला. मी दिला. ती अंगणातल्या चुलीकडे गेली, पाणी तापत होतं त्या हंड्याखाली तिनं कागद सारला आणि फुंकर घातली.

आमचं घर न्हाव्याचं. केस जळल्याचा वास आमच्यात लहान लेकरूही ओळखतं.

नदीवरून आल्यापासून माय ओट्यावरच बसली होती. तिनं मान वर केली.

"गोकुळ, कोणाचे केसं जळून राह्यले रे?"

"दुकानातले," मी म्हणालो.